सांबऱ्यावरचे आकाश: ‘ए’ ते ‘जी’ या अक्षरांची पार्श्वभूमी

बेळगावजवळची सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाने 1942 मध्ये, ब्रह्मदेशच्या आघाडीला पाठबळ म्हणून बांधली. त्या काळी तिच्या वरच्या आकाशाला, नियंत्रणाचा वर्ग सांगणाऱ्या ‘ए’ ते ‘जी’ पैकी, कुठलेही अक्षर लावलेले नव्हते. आज त्याच आवारात वायुसेनेची प्रशिक्षण शाळा आहे आणि प्रवासी विमानेही तिथेच उतरतात. 2021 मध्ये उड्डाण-प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले गेले, त्यांतही बेळगाव होते. म्हणून आता इथल्या विद्यार्थ्याला ही अक्षरे पाठ असून भागत नाही, त्यांचा अर्थ कळावा लागतो.

आपल्या भूमीवरचे आकाश त्या त्या देशाचे, हे 1919 च्या पॅरिस कराराने मान्य केले आणि 1944 च्या शिकागो कराराने पक्के केले. पण त्या आकाशात दोन विमानांमधले अंतर कोणी राखायचे? बराच काळ उत्तर एकच होते: वैमानिकाने डोळ्यांनी पाहावे आणि चुकवावे. 30 जून 1956 रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर 21,000 फुटांवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि 128 जण गेले. दोन्ही विमाने त्या वेळी नियंत्रणाबाहेरच्या आकाशात होती. त्या वेगाला डोळा पुरत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतर नियंत्रित आकाश वाढत गेले, पण प्रत्येक देशाची नावे आणि नियम वेगळे राहिले. ‘ए’ ते ‘जी’ ही सात अक्षरे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1990 मध्ये स्वीकारली.

अक्षर मुख्यतः एक गोष्ट सांगते: एटीसी, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारे हवाई वाहतूक नियंत्रण, कोणाला कोणापासून वेगळे ठेवणार. ‘ए’ मध्ये फक्त उपकरणांवरची, म्हणजे आयएफआर उड्डाणे, आणि सगळी एकमेकांपासून वेगळी. ‘बी’ मध्ये नजरेवरची, म्हणजे व्हीएफआर उड्डाणेही चालतात, तरी अंतर सगळ्यांमध्ये राखले जाते. ‘सी’ मध्ये दोन व्हीएफआर विमानांना एकमेकांची फक्त माहिती मिळते. ‘डी’ मध्ये एटीसी फक्त आयएफआरला आयएफआरपासून वेगळे ठेवते. ‘ई’ मध्ये व्हीएफआरला क्लिअरन्स, म्हणजे एटीसीची परवानगी, लागत नाही. ‘एफ’ मध्ये सल्ला मिळतो, ‘जी’ मध्ये केवळ माहिती.

भारताचा कारभार प्रामुख्याने ‘डी’ ते ‘जी’ या चारांवर उभा राहिला. विमानतळाभोवतीचे नियंत्रण क्षेत्र ‘डी’. तिथे शिरण्याआधी दुतर्फा रेडिओ संपर्क हवा आणि स्पष्ट क्लिअरन्स हवा. कॉलसाइन (रेडिओवरचे विमानाचे नाव), जागा, उंची आणि इरादा सांगायचा, मिळालेला क्लिअरन्स तसाच परत म्हणून दाखवायचा, मगच हद्द ओलांडायची. 10,000 फुटांखाली वेग 250 नॉटच्या आत.

नेमकी इथेच हमखास चूक होते. अमेरिकी व्हिडिओंवर अभ्यास केलेली मुले ‘स्टँडबाय’ ऐकले की आत शिरतात. अमेरिकेच्या ‘डी’ मध्ये कॉलसाइनसह उत्तर मिळाले की प्रवेश मिळाला असे धरतात. आपल्याकडे तसे नाही. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, हद्दीबाहेर घिरट्या घाला. दुसरी चूक उंचीची. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,490 फुटांवर आहे, त्यामुळे क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा हवेच्या दाबाचा आकडा) लावलेल्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, 3,500 दिसले तरी खाली जेमतेम हजार फूट उरलेले असतात. नैर्ऋत्येला खानापूर, चोर्ल्याकडे सह्याद्री आहे, तिकडे तो हिशोब आणखी बिघडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये अक्षराआधी ढग बघावेत. 10,000 फुटांखाली व्हीएफआरला 5 किलोमीटर दृश्यता लागते, ढगापासून आडवे 1,500 मीटर आणि उभे 300 मीटर अंतर लागते. ढगाचा तळ 1,500 फुटांखाली आला, तर खास परवानगीशिवाय नियंत्रण क्षेत्रात व्हीएफआर बंद. आपल्याकडच्या झडीत हे दिवसच्या दिवस टिकते.

भारतात यावर आणखी एक थर आहे: हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक, ज्याला सगळे एडीसी म्हणतात. तो वर्गापासून स्वतंत्र आहे. एटीसीचा क्लिअरन्स हातात असला, तरी ज्या उड्डाणाला एडीसी लागतो ते त्याच्याशिवाय निघू शकत नाही. फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा आराखडा, किमान तासभर आधी द्यावा. नियंत्रित उड्डाणाला निघायला 30 मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल, तर प्लॅन सुधारून कळवावा.

कोल्हापूर इथून हवेतून शंभरेक किलोमीटर, पण तिथल्या विमानतळाचा आंतरराष्ट्रीय कोड ‘व्हीए’ ने सुरू होतो आणि बेळगावचा ‘व्हीओ’ ने. जमिनीवरच्या राज्यसीमेवरून किंवा या कोडांवरून आकाशातली हद्द ताडू नये. ती एआयपीच्या, म्हणजे अधिकृत हवाई माहिती-पुस्तिकेच्या, नकाशावर पाहावी, आणि नकाशा चालू आवृत्तीचा असावा.

ड्रोनसाठी 2021 च्या नियमांनी ही वाटणी हिरवा (परवानगी नको), पिवळा (एटीसीची परवानगी हवी), लाल (केंद्र सरकारची परवानगी हवी) अशी केली. विमानतळाच्या कुंपणापासून (धावपट्टीच्या मध्यापासून नव्हे) 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत हिरवा, त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत. मुतगे, बाळेकुंद्री ही गावे 8 किलोमीटरच्या आतली. तिथल्या लग्नाचे चित्रीकरण असो की उसावरची फवारणी, आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडावा लागतो.