काळी दारू आणि पांढरी दारू

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरं न फुटलेले फटाके वेचत फिरतात. सुतळी सोडवायची, कागद फाडायचा, आतली भुकटी एका जागी जमवायची आणि लांबून काडी टाकायची. आपल्यातल्या कित्येकांनी लहानपणी हे केलंय. भुईनळ्यात दारू असते, सुतळी बॉम्बमध्येही दारूच असते, मग फरक कसला, असं तेव्हा वाटायचं. पुढे मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्याला एका फटाक्याच्या कारखान्यात चार हंगाम काम केलं. तेव्हापासून पोरांना असं करताना पाहिलं की पोटात गोळा येतो. मराठीत दोन्हींना एकच शब्द असला तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कारखान्यात आम्ही काळी आणि पांढरी म्हणायचो. काळी म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तोफा-बंदुकांची जुनी दारू ती हीच. मुंबईच्या रे रोडजवळच्या दारूखान्याचं नाव हिच्यावरून पडलं, जत्रेतले उखळी बार हिचेच. सोरा ऑक्सिजन पुरवतो, कोळसा जळतो, आणि गंधकामुळे ती लवकर पेट घेते. हवा लागत नाही, म्हणून वरून माती टाकून ती विझत नाही.

आमचे मिक्सिंगचे मिस्त्री साठीचे होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. कोळशाबद्दल ते फार चोखंदळ. बाभळीचा कोळसा आणला की हातात तोलून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "हा चुलीला दे. मला तुराट्यांचा आण." तुराट्यांचा कोळसा हलका, पोकळ, बोटांत चुरा होणारा. तसा कोळसा सोऱ्यात नीट मुरतो आणि दारू चपळ होते. हे कारण मला फार उशिरा कळलं, चाचांना ते हाताने ठाऊक होतं.

काळी दारू माणसाच्या ओळखीची आहे. दाणा मोठा ठेवला तर सावकाश जळते, बारीक केला तर झटकन. उघड्यावर पेटली तर भस्सकन जाते, नारिंगी ज्वाळ आणि ढगासारखा धूर. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपातच उरतो, तोच धूर आणि तीच काजळी. त्या काजळीवर पाणी पडलं की कुजक्या अंड्याचा वास सुटतो. आवाज हवा असेल तर तिला कोंडावं लागतं, नुसती पसरून ती बार करत नाही. याचा अर्थ ती गरीब आहे असा नाही. एका ठिणगीवर ती पेटते, आणि बंद खोलीत पोतंभर पेटली तर भिंती राहत नाहीत. पण तिचं वागणं ठरलेलं आहे, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिच्याशी जमवून घेत आली.

पांढरीचं तसं नाही. तिच्यात ऑक्सिजन देणारा क्षार असतो, आमच्याकडे तो सोराच, बहुतेक वेळा गंधकही असतो, पण कोळशाच्या जागी असते अ‍ॅल्युमिनियमची पिठासारखी भुकटी. घमेल्यात ती करडी-चंदेरी दिसते. पांढरा असतो तो तिचा उजेड आणि मागे राहणारी राख. ही भुकटी इतकी बारीक की संध्याकाळी सुट्टी झाली की आम्ही सगळे चांदीचा वर्ख लावल्यासारखे दिसायचो. भुवया चंदेरी, कानांच्या पाळ्या चंदेरी. आधी खोबरेल तेल चोळायचं, मग साबण, तरी नखांच्या कडा तशाच. घरी भाकरी मोडताना आई माझ्या बोटांकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

अ‍ॅल्युमिनियम जळताना प्रचंड उष्णता देतं, आणि भुकटी बारीक असेल तर ती सगळी जवळजवळ एकदमच जळते. चिमूटभर पेटली तर डोळ्यांपुढे लख्ख उजेड होतो आणि तेवढ्यावर निभावतं. पण ढिगाऱ्याने असली तर हिला कोंडायची गरजच पडत नाही, उघड्यावरच बार होतो. काळीची सवय असलेला माणूस इथेच फसतो. काल एवढीशी पेटवली, काही झालं नाही, आज चार फटाक्यांची एकत्र करू, हा हिशोब काळीला बऱ्यापैकी लागू पडतो. पांढरीला तो लागूच पडत नाही.

दुसरा फरक ठिणगीचा. काळीला दिसणारी ठिणगी लागते, निदान तिचा धोका दिसतो तरी. पांढरीला घासणं पुरतं, अंगावरच्या कपड्यांत साठलेली वीजही पुरते. आमच्या शेडच्या दारात तांब्याची पट्टी जमिनीत गाडलेली होती. आत जाताना अनवाणी पायाने तिच्यावर उभं राहायचं, हाताने दांडी धरायची, मगच उंबरा ओलांडायचा. कपडे सुती. एकदा एक नवा पोरगा टेरिकॉटचा शर्ट घालून आला, तर चाचांनी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि त्या दिवसाची मजुरी स्वतःच्या खिशातून दिली. मिक्सिंग पहाटे, ऊन चढायच्या आत, आणि शेडमध्ये दोघांपेक्षा तिसरा माणूस नाही.

तिसरा फरक ओलीचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि बाहेरच्या माणसाला अजिबात न सुचणारा. काळी दारू सर्दावली की मरते. पेटत नाही, पेटली तरी फुसफुसते. म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की ओला फटाका म्हणजे निकामी फटाका. पांढरीत मात्र थोडी ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम आणि सोरा आतल्या आत एकमेकांना भिडतात, मिश्रण तापायला लागतं आणि अमोनिया सुटतो. बाहेर सगळं शांत, आत ऊब वाढत जाते.

माझ्या दुसऱ्या हंगामात, भाद्रपदातल्या एका पावसाळी संध्याकाळी, घाईघाईत घमेल्यात उरलेला माल शेडमध्येच राहिला. उरलेलं मिश्रण रात्री ठेवायचं नाही हा नियम, पण दिवाळीच्या मागणीचा जोर होता आणि मालकाने सकाळी वापरू म्हणून सांगितलं. रात्रभर पत्र्यातून थेंब गळत होते. सकाळी चाचा दारापर्यंत गेले आणि थबकले. मलाही वास आला, मुतारीला येतो तसा उग्र. चाचांनी आत पाऊल टाकलं नाही, ओरडलेही नाहीत. वळून एवढंच म्हणाले, "समद्यांना लिंबाखाली न्या. डबे राहू द्या, चपला राहू द्या." नळ्या वळणाऱ्या बायका आणि शेजारच्या शेडमधली पोरं, सगळी लांबच्या लिंबाखाली जाऊन बसली. तासाभराने त्या शेडचं छप्पर उडालं. पांढरा धूर बराच वेळ तिथेच रेंगाळत होता. आमच्यातल्या कुणाला खरचटलंही नाही, ते फक्त चाचांच्या नाकामुळे.

दोघी एकाच फटाक्यात पाहायच्या असतील तर बाण घ्या. शूंऽऽ करत वर नेते ती काळी, धुराची रेघ मागे सोडत, दमादमाने. वर जाऊन फुटते ती पांढरी. वात काळीची. सुतळी बॉम्ब, लक्ष्मी, लवंगीची माळ यांच्या पोटात पांढरी. भुईनळ्यात अ‍ॅल्युमिनियम असलं तरी ते जाड कणांचं, ठिणग्या उडवण्यापुरतं. धातू तोच, कण बदलला की स्वभाव बदलतो.

चाचांच्या तरुणपणी पांढरीत क्लोरेटही असायचं, ऑक्सिजन देणारा दुसरा एक क्षार. गंधक आणि क्लोरेट एकत्र आले की नुसत्या रगडण्याने भडका उडतो. १९९२ साली सरकारने त्या मिश्रणावर बंदी घातली. त्यांच्या थोरल्या भावाच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती, ती त्या आधीची गोष्ट. बंदीने तो धोका कागदावर संपला, पण पांढरीची ओल आणि घासणं राहिलंच.

म्हणून न फुटलेल्या फटाक्याबद्दल एवढंच ध्यानात ठेवा. तो फोडायचा नाही, चुरायचा नाही, परत वात लावायची नाही, आणि दवाने भिजलाय म्हणून खिशातही घालायचा नाही. बराच वेळ लांब थांबायचं आणि मग मोठ्या माणसाने तो भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवून ठेवायचा. नुसती ओल वाईट, पण भरपूर पाणी चांगलं, कारण ते उष्णता साठू देत नाही आणि क्षार विरघळवून टाकतं.

आता मी पुण्यात राहतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पोरं उठायच्या आत बादली घेऊन खाली उतरतो. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा माझ्याही आधी उठला होता. त्याच्या मुठीत सहा लवंग्या होत्या. त्या एकेक करून आम्ही दोघांनी पाण्यात सोडल्या.