पाणी सरकतं क्षारांच्या मागे

वनस्पतीच्या पेशीकडे पाण्यावर थेट जोर लावणारा पंप नाही. तिच्या हातात दोनच गोष्टी आहेत: विरघळलेले पदार्थ कुठे साठवायचे आणि पाण्याच्या वाटा किती उघड्या ठेवायच्या. तेवढ्यावर पान ताठ उभं राहतं, कोंब जमीन फोडून वर येतो आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, उघडतात, मिटतात. मला वनस्पतिशास्त्रातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

परासरण आपण शाळेत शिकलेलो असतो. पटल पाण्याला वाट देतं पण साखर किंवा क्षार अडवतं, आणि मग पाणी दाट द्रावणाकडे जातं. त्यामागचा जोर मात्र आपण फार कमी समजतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचं पटल तयार केलं, आत साखरेचं द्रावण भरलं, भांडं पाण्यात ठेवलं आणि पाऱ्यावर दाब वाचला. त्यांची ही मोजमापं १८७७मध्ये प्रसिद्ध झाली. अवघ्या एक टक्का साखरेने पाऱ्याच्या अर्ध्या मीटरहून उंच स्तंभाइतका दाब तयार झाला होता. दहा टक्के द्रावणाचा हिशेब केला तर तो हवेच्या दाबाच्या सातपट भरतो.

पूर्ण वाढलेल्या पेशीचा बहुतेक भाग, कित्येकदा ९० टक्क्यांपर्यंत, एकट्या रिक्तिकेने, म्हणजे पटलाने वेढलेल्या पाणीदार पिशवीने, व्यापलेला असतो. तिच्यात पोटॅशिअम, शर्करा, सेंद्रिय आम्लं साठलेली असतात, त्यामुळे पाणी आत येत राहतं. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते. वनस्पतीची पेशी फुटत नाही, कारण तिच्याभोवती सेल्युलोजची भित्तिका असते. भित्तिका थोडी ताणली जाते आणि मग उलटा रेटा देते. आतला दाब वाढत जातो, आणि जितकं पाणी आत येतं तितकंच बाहेर जाऊ लागलं की तो स्थिर होतो. पानांतल्या पेशींत हा दाब हवेच्या दाबाच्या साधारण ३ ते १० पट असतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण दुपटीच्या आसपास भरतो. तेल भरलेली अतिशय बारीक काचेची नळी थेट पेशीत खुपसून हा दाब मोजता येतो.

तो नाहीसा होताना पाहायचा असेल तर लाल कांद्याची जांभळी साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिच्यावर दाट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडावा. काही मिनिटांत जांभळा रंग भित्तिकेपासून सुटतो, कोपरे मोकळे पडतात आणि आतला ऐवज आक्रसून पेशीच्या मधोमध गोळा होतो. भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी राहते. यालाच रससंकोच म्हणतात. वेळेवर साधं पाणी दिलं तर रंग पुन्हा पसरतो आणि पेशी भरते.

आता नियंत्रणाकडे येऊ. पेशी ऊर्जा खर्च करते ती हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, बाहेर ढकलण्यावर. त्यामुळे पटलाची आतली बाजू ऋणभारित होते, धनभारित पोटॅशिअम आयन आपल्या वाहिन्यांतून आत ओढले जातात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं पर्णरंध्राच्या दोन रक्षक पेशींत. सकाळी निळा प्रकाश पडला की त्यांच्यातले पंप सुरू होतात, पोटॅशिअम भरतं, पाणी शिरतं आणि दाब चढतो. त्यांच्या भित्तिकेत सेल्युलोजचे तंतू आडवे वेढलेले असल्यामुळे पेशीला जाडीत फारसं फुगता येत नाही, लांबीतच वाढावं लागतं. दोघींची टोकं एकमेकींना जोडलेली, म्हणून त्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट उघडते. पाण्याची टंचाई जाणवली की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक निरोप देतं. मग ऋणभारित आयन बाहेर पडतात, पोटॅशिअम त्यांच्या मागोमाग जातं, पाणीही निघून जातं. काही मिनिटांत फट मिटते.

दुसरी गोष्ट वाटांची. पाणी पटलातून थोडंफार आपोआप झिरपतं, पण जलद जायला ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर ॲग्रे यांच्या गटाने १९९२मध्ये मानवी रक्तपेशीतल्या अशा प्रथिनाचं काम सिद्ध केलं आणि २००३च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ॲग्रे यांचा वाटा होता. वर्षभरातच वनस्पतींतही तशी वाहिनी सापडली. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात ॲक्वापोरिनची ३५ जनुकं आहेत, माणसात १३. पाऊल न हलवता ऊन, दुष्काळ आणि पूर सोसणाऱ्या सजीवाला इतक्या वाटा लागाव्यात यात मला नवल वाटत नाही.

या वाहिन्या बंदही होतात. जमिनीत पाणी तुंबलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, पेशीद्रव आम्लधर्मी होतं आणि त्या आम्लतेने मुळांतल्या ॲक्वापोरिनची तोंडं मिटतात. मुळं पाण्यात बुडालेली असूनही पानांपर्यंत पुरेसं पाणी पोहोचत नाही, दाब उतरतो आणि झाड माना टाकतं. अशा झाडाला आणखी पाणी देऊन उपयोग नसतो. मुळांशी हवा खेळू लागली तरच त्या वाटा पुन्हा उघडतात.