वारली चौक आणि भौगोलिक मानांकन : पार्श्वभूमी

वारली चित्रकला हजारो वर्षांची आहे, असे सर्रास लिहिले जाते. त्याला आधार गुहाचित्रांशी दिसणाऱ्या साम्याचाच आहे. कुडाच्या भिंतीवर लग्नापुरते काढलेले चित्र पुढच्या सारवणात जाणारच. जुने नमुने टिकणार कुठून? खात्रीने सांगता येते ते हे, की चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचे चौकोनी विधिचित्र, लग्नाचा होता आणि तो बायकांचा होता. सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने तो काढायचा, धवलेरीने, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बाईने, गाणी म्हणायची. चौकात पालघट ही सुफलतेची देवी आल्याशिवाय लग्न पुरे होत नसे.

याच लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेतलेले जोडपे त्याच्याकडे 'लग्नगडी' म्हणून राबत असे. ही पद्धत आणि वेठबिगार मोडण्यासाठी 1945 ते 1947 या काळात वारल्यांनी लढा दिला. त्या लढ्याची मराठीत सर्वाधिक वाचली गेलेली हकिगत शहरातून आलेल्या कार्यकर्तीने लिहिली. तिने आयुष्य तिथे घातले, त्यामुळे तिच्या अधिकाराबद्दल शंका नाही. तरी आपली गोष्ट दुसऱ्याच्या लेखणीतून जगापुढे जाण्याची सुरुवात चित्रांच्या आधीच झाली होती, हे नोंदवायला हवे.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी हस्तकला यंत्रणेची माणसे कागद आणि रंग घेऊन डहाणू परिसरात आली. या टप्प्यावर पुढे आला तो एक पुरुष चित्रकार. त्याची प्रतिभा असामान्य होती. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री त्याला मिळाली, ती योग्यच. पण त्याच्यामागून पुरुष चित्रकारांची रांग लागली आणि विधीची मालकीण असलेली बाई मागे पडली. बाजाराला देवीपेक्षा तारपा नाच, म्हणजे तारपा या वाद्याभोवतीचा फेर, अधिक मानवला. आज साडीवर, कपावर, पुलाखालच्या भिंतीवर दिसतो तो नाचच.

2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या मालाच्या नावाला मिळणारी कायदेशीर नोंदणी, मिळाले. अर्ज आदिवासी तरुणांच्या एका संघटनेने केला होता, आणि ही गोष्ट लहान नाही: आपल्या कलेवर आपणच कायद्याने हक्क सांगायचा, हे पाऊल जमातीतूनच उचलले गेले. वाद आहे तो या हक्काने नेमके काय हाती आले, याबद्दल. 1999चा कायदा नावाचे रक्षण करतो. प्रदेशाबाहेर बनलेला माल 'वारली' म्हणून विकला तर त्याला हरकत घेता येते. पण दोन त्रिकोण जोडून माणूस काढण्याची रीत कुणाच्या मालकीची होत नाही. गिरणीत छापलेल्या कापडावर 'आदिवासी नक्षी' एवढेच लिहिले, की नावाचा प्रश्न मिटतो. कॉपीराइटही इथे तोकडा पडतो, कारण तो एका कलाकाराच्या एका कृतीला मिळतो, जमातीच्या शैलीला नाही. शिवाय मानांकनाचा कायदा 'उत्पादक' ओळखतो. त्यात जन्माचा किंवा जमातीचा निकष नाही. त्या प्रदेशातला बिगर-आदिवासी उत्पादकही अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी अर्ज करू शकतो.

त्यामुळे भांडण कायद्याच्या बाहेर, कार्यशाळांच्या दारात येऊन थांबले आहे. शहरांत वारली शिकवणारे अनेक जण वारली नाहीत. काही आदिवासी गटांना शिकवणारा जमातीतलाच हवा. तर ज्यांचे घर विक्रीवर चालते त्यांच्यापैकी काहींना कला जितकी पसरेल तितकी बरी वाटते. दोन्ही बाजूंत पोटाचा प्रश्न आहे, पण पहिल्या मागणीला 'संकुचित' म्हणून झटकणे मला अन्याय्य वाटते. कार्यशाळेत शिकवतात ते आकार. पालघट कोण, चौक कधी काढायचा आणि कुणी, हे त्यात बहुधा येत नाही.

पाड्यांवरच्या मुली आता कागदावर, कापडावर चित्रे काढतात आणि स्वतःच्या नावाने सही करतात. धवलेरीसाठी मात्र या नोंदणीत जागा नाही. मानांकन मालाला मिळते आणि चौकाचा अर्थ तिच्या गाण्यांत आहे.