विथ रू माय हार्ट इज लेडन (‘खेदाने माझे मन जड झाले आहे’)

इंग्रज कवी आल्फ्रेड एडवर्ड हाउसमन (१८५९–१९३६) यांची दिवंगत सवंगड्यांवरील लघुकविता आणि तिच्यावरून एकल आवाजासाठी रचलेली गीते. ‘अ श्रॉपशर लॅड’ (१८९६) या ६३ कवितांच्या संग्रहात ती ५४ व्या क्रमांकावर आहे.

चार-चार ओळींची दोनच कडवी असलेल्या या कवितेत प्रसंग नाही, कोणाचे नाव नाही आणि मृत्यूचे कारणही सांगितलेले नाही. पहिल्या कडव्यात कवी आपल्या गमावलेल्या सोबत्यांची आठवण काढतो. त्यात गुलाबी ओठांच्या मुली आधी येतात आणि चपळ पावलांची मुले नंतर. दुसऱ्या कडव्यात हाच क्रम उलटतो: मुले उडी मारून ओलांडता न येणाऱ्या रुंद ओढ्यांकाठी पुरलेली आहेत, तर मुली गुलाब कोमेजतात त्या शेतांत निजल्या आहेत. तीच विशेषणे पुन्हा येतात, पण पहिल्यांदा ती रूपाचे आणि चपळाईचे कौतुक करतात आणि दुसऱ्यांदा त्याच गुणांवर काळाने केलेली मात दाखवतात. दोन्ही कडव्यांना एकच चाल लावावी की दुसऱ्यासाठी वेगळी बांधावी, हा संगीतकारापुढचा खरा प्रश्न इथूनच उभा राहतो.

हाउसमन आपल्या कवितांना चाल लावू देत असत आणि त्याचे मानधन घेत नसत. मात्र इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी ‘ऑन वेनलॉक एज’ या गीतमालेत दुसऱ्या एका कवितेची दोन कडवी गाळली, तेव्हा हाउसमन चिडले होते. प्रस्तुत कवितेत गाळण्याजोगे काही नाहीच.

जॉर्ज बटरवर्थ (१८८५–१९१६) हे इंग्रज संगीतकार आणि लोकगीतांचे संग्राहक होते. त्यांनी या कवितेवर आवाज व पियानोसाठी केलेली रचना ‘ब्रेडन हिल अँड अदर साँग्ज’ (१९१२) या पाच गीतांच्या संचात शेवटी येते. तिचा आरंभीचा स्वरसमूह त्यांनी आपल्या ‘अ श्रॉपशर लॅड’ या वाद्यवृंद-रचनेच्या अखेरीस पुन्हा योजला. ही वाद्यवृंद-रचना १९१३ मध्ये लीड्स येथे आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली प्रथम वाजवली गेली. बटरवर्थ ५ ऑगस्ट १९१६ रोजी पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधील सोमच्या लढाईत पोझिएरजवळ मारले गेले. त्यांचा मृतदेह मिळाला नाही. त्यांचे नाव थिएप्वल येथील बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर कोरलेले आहे. त्यानंतर ही कविता युद्धात पडलेल्या तरुणांचे शोकगीत म्हणून ऐकली जाऊ लागली. ती युद्धाच्या अठरा वर्षे आधी छापली गेली होती आणि तिच्यात मुलींचाही तितकाच शोक आहे, हे लक्षात घेतल्यास असा अर्थ तिच्यावर नंतर चढला, असेच म्हणावे लागते.

अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बर यांनी विद्यार्थिदशेत, १९२८ मध्ये, तिला चाल लावली. ती त्यांच्या ‘तीन गीते’ (ओपस २, म्हणजे कृतिक्रमांक २) या संचात आहे. बटरवर्थ यांचे मित्र व्हॉन विल्यम्स यांनी मात्र पियानो बाजूला ठेवून केवळ व्हायोलिनची साथ घेतली. ‘अलाँग द फील्ड’ (१९२७) या त्यांच्या आठ गीतांच्या मालेतील हे अखेरचे गीत असून ती माला १९५४ मध्ये प्रकाशित झाली.