पाणउतारा

पाणउतारा म्हणजे चारचौघांत एखाद्याला टाकून बोलणं, त्याची किंमत काढणं. शब्द आता जुना झाला, पोरं सरळ इन्सल्ट किंवा बेइज्जती म्हणतात, पण वऱ्हाडातल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो अजून येतो, फक्त ण चा न होऊन, पानउतारा. खायच्या पानाशी त्याचा काही संबंध नाही.

पाणी आणि उतारा मिळून हा शब्द झालाय. समासात पाणीचं पाण होतं, जसं पाणवठा, पाणलोट, पाणबुडी. पण इथलं पाणी प्यायचं नाही, तेजाचं. मोत्याचं पाणी म्हणतो ना, पाणीदार डोळे म्हणतो, तेच. लोहार विळा लाल तापवून पाण्यात बुडवतो त्याला पाणी देणं म्हणतात, त्यानंच धार टिकते, आणि तोच विळा पुन्हा आगीत पडला की पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार राहत नाही. माणसाचं असं अंगचं पाणी खाली आणणं हा पाणउतारा. अब्रू शब्दातही हेच पाणी आहे, फारसीत आब म्हणजे पाणी, तेज, आणि रू म्हणजे चेहरा. वऱ्हाडावर अचलपूरची इमादशाही, नंतर मोगल, निजाम असे राज्यकर्ते झाले त्यामुळे आब, अब्रू, इज्जत हे शब्द इथल्या शेतकऱ्याला अजिबात परके नाहीत.

अपमान एकट्यात, बंद खोलीतही होतो, पाणउताऱ्याला मात्र बघणारे लागतात. पीककर्जाच्या लाईनीत उभ्या म्हाताऱ्याला काउंटरवरून कोणी मोठ्यानं म्हणतं, "कर्ज न्याले बरे येता, भराच्या वक्ताले तोंड दिसत नाही तुमचं", मागचे वीस जण ऐकतात, म्हातारा पासबुक खिशात घालून निघतो आणि घरी एवढंच सांगतो, "साऱ्याइसमोर माहा पानउतारा केला". रकमेचा विषय तो काढतच नाही, कारण लागलं ते लोकांनी ऐकलं याचं. लग्नाच्या पंगतीतही असंच, व्याह्याला पानावरून उठवलं तर ती गोष्ट दोन्ही घरांत वर्षानुवर्षं निघते. करणारा बहुतेक वेळा पैशानं, खुर्चीनं किंवा जातीनं वरचा असतो, आणि म्हणूनच ऐकून घेणाऱ्याला उलट बोलता येत नाही, हा यातला सगळ्यात वाईट भाग आहे.

हेटाळणी वेगळी, ती हसत हसत, रोज थोडी थोडी चालते. उपेक्षेत तर कोणी बोलतही नाही.

लोकांसमोर होणं हा मुद्दा कायद्यातही आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्यात या समाजांतल्या माणसाला कमी लेखायच्या हेतूनं, लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी मुद्दाम अपमानित करणं हा गुन्हा धरलाय. कायद्याच्या भाषेत पाणउतारा शब्द नाही, पण वर्णन त्याचंच आहे.