वेगाची किंमत ओळखणारा ताफा

क्युनार्ड या जहाज कंपनीच्या ‘मॉरिटेनिया’ बोटीने १९०९ मध्ये पाच दिवसांच्या आत अटलांटिक पार केला होता. त्याच कंपनीची आजची ‘क्वीन मेरी २’ तिच्याहून वेगवान आहे, तरी साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जायला साधारण सात दिवस घेते.

कंपनीचे संस्थापक सॅम्युएल क्युनार्ड हे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे व्यापारी. ब्रिटिश टपाल नेण्याचे कंत्राट त्यांना मिळाले आणि ४ जुलै १८४० रोजी ‘ब्रिटानिया’ लिव्हरपूलहून निघाली. लाकडी बोट, बाजूंना पाणी कापणारी चाके, वेग जेमतेम ९ नॉट, म्हणजे तासाला सुमारे १७ किलोमीटर. टपाल वाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, म्हणून वाफ. पुढे लाकडाच्या जागी लोखंड आणि पोलाद आले, चाकांच्या जागी पाण्याखाली फिरून बोट ढकलणारे पंखे.

खरी झेप टर्बाइनची. जुन्या इंजिनातल्या दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यात थांबून उलट यावे लागते. टर्बाइनमध्ये वाफ पात्यांवर आदळून दांडा सलग फिरवत राहते. १९०५ मध्ये क्युनार्डने दोन जुळ्या बोटी सुरू केल्या. ‘कॅरोनिया’त जुने इंजिन होते, ‘कार्मेनिया’त टर्बाइन. भर समुद्रात केलेला इतका नेटका तुलनात्मक प्रयोग मला दुसरा आठवत नाही! ‘कार्मेनिया’ सरस ठरली. १९०७ साली आलेल्या टर्बाइनच्या ‘मॉरिटेनिया’ने वेगाचा विक्रम १९२९ पर्यंत राखला, त्यासाठी तिच्या भट्ट्यांना दिवसाला सुमारे १००० टन कोळसा लागे.

इतका का? बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट हवा, तर शक्ती आठपट. उलट, ३० नॉटवरून २३ वर उतरले की निम्म्याहून कमी शक्तीत भागते. १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली, घाईचे प्रवासी तिकडे वळले, आणि बोटींना ही किंमत मोजायचे कारणच उरले नाही.

आजच्या ताफ्यातल्या ‘क्वीन व्हिक्टोरिया’ (२००७), ‘क्वीन एलिझाबेथ’ (२०१०) आणि ‘क्वीन ॲन’ (२०२४) या पर्यटनासाठीच बांधलेल्या बोटी. २००४ ची, ३४५ मीटर लांबीची ‘क्वीन मेरी २’ मात्र अटलांटिकच्या लाटांसाठी घडवलेली आहे: नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, लांब आणि निमुळती, जीवरक्षक होड्या लाटांपासून बऱ्याच उंचावर. तिचे पंखे विजेच्या मोटारींवर फिरतात. रोजची वीज चार डिझेल इंजिने पुरवतात. जास्त वेग हवा असला, तरच धुरांड्याखालची दोन गॅस टर्बाइन सुरू होतात.