विज्ञानकथेतलं तंत्रज्ञान आणि सूक्ष्म पातळीवरचं भौतिकशास्त्र

विज्ञानकथांमध्ये माणूस इथे गायब होऊन तिथे प्रकट होतो, कुणी अदृश्य होतं, एखादं यान नुसत्या किरणाने दुसऱ्या यानाला ओढून घेतं, रक्तात सोडलेली इवलीशी यंत्रं आजार बरे करतात. यातल्या बऱ्याच गोष्टी आता प्रयोगशाळेत खरोखर होतात, पण अट एकच, वस्तू अतिशय लहान पाहिजे. इथे मोजमाप नॅनोमीटरमध्ये असतं, म्हणजे १ मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि डीएनएची रुंदी फक्त २ नॅनोमीटर.

गोष्टीत बहुतेक वेळा मोठ्या जगातली वस्तू तशीच्या तशी लहान केलेली असते, पाणबुडी लहान झाली तरी ती पाणबुडीसारखीच चालते. खरं तर लहान होताना नियमांचं वजनच बदलतं आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. वस्तूची लांबी १० पट कमी केली की पृष्ठभाग १०० पट कमी होतो पण आकारमान १००० पट, त्यामुळे वजन आणि जडत्व जवळजवळ संपतं आणि चिकटणं, घासणं, आजूबाजूच्या रेणूंचे धक्के हेच सगळं ठरवायला लागतात. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हिशोब मांडला होता की पोहणाऱ्या बॅक्टेरियाने शेपटी हलवणं थांबवलं तर तो पुढे किती घरंगळेल, उत्तर आलं एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी. म्हणजे त्याच्यासाठी पाणी हे मधापेक्षाही घट्ट, वल्हं मारून पुढे जाणं शक्यच नाही, म्हणून तो मळसूत्रासारखी शेपटी फिरवतो. आणखी खाली अणूंच्या पातळीवर गेलं की क्वांटमचे, म्हणजे अणू आणि इलेक्ट्रॉनसारख्या कणांना लागू होणारे वेगळेच नियम उघड दिसायला लागतात.

टेलिपोर्टेशन

यात वस्तू प्रवास करत नाही, तिची अवस्था, म्हणजे तिच्या गुणधर्मांची माहिती करते. १९९३ मध्ये चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या ५ सहकाऱ्यांनी ही कल्पना कागदावर मांडली. आधी दोन फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणांची, एकमेकांत गुंतलेली जोडी तयार करायची, म्हणजे दोघांची अवस्था एकत्रच सांगता येते, वेगवेगळी नाही, एक फोटॉन इकडे ठेवायचा, एक तिकडे पाठवायचा. आता ज्या तिसऱ्या फोटॉनची अवस्था पाठवायचीय तो आणि इकडचा फोटॉन यांचं मिळून एक मोजमाप करायचं, त्याचं उत्तर चारपैकी एक येतं, ते उत्तर साध्या मार्गाने म्हणजे फोन किंवा रेडिओने तिकडे कळवायचं आणि तिकडच्या माणसाने त्यानुसार आपल्या फोटॉनवर छोटीशी दुरुस्ती करायची, झालं, तिसऱ्या फोटॉनची अवस्था तिकडे हजर. मूळची मात्र मोजमाप करतानाच पुसली जाते. हे असंच व्हावं लागतं, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची कॉपी काढता येत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालं होतं. आणि ते उत्तर साध्या मार्गाने पाठवावंच लागतं म्हणून प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जात नाही. टेलिपोर्टेशन प्रकाशापेक्षा वेगाने होतं हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

१९९७ मध्ये अँटोन झाइलिंगर यांच्या गटाने ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हे फोटॉनच्या ध्रुवीकरणावर, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेवर, करून दाखवलं, त्या मांडणीत चार उत्तरांपैकी एकच ओळखता यायचं म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के वेळा यश. २००४ मध्ये इन्सब्रुकचाच एक गट आणि अमेरिकेतला एक गट यांनी अख्ख्या आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची, अवस्था अशी पाठवली, २०१२ मध्ये कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा ते टेनेरिफ १४३ किलोमीटर अंतर गाठलं गेलं आणि २०१७ मध्ये चीनच्या मिसियस उपग्रहाने जमिनीपासून १४०० किलोमीटरपर्यंत. झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल अॅलँ आस्पे आणि जॉन क्लाउजर यांच्यासोबत मिळालं.

मग माणूस का नाही? तर ७० किलोच्या शरीरात साधारण ७ वर २७ शून्यं इतके अणू असतात आणि गुंतलेली अवस्था हवेचा एखादा रेणू आदळला तरी मोडते. खरा उपयोग आहे तो क्वांटम कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्यात, आणि तिथे हे तंत्र खरंच लागणार आहे.

ओढणारा किरण

प्रकाशाला वस्तुमान नाही पण संवेग (मोमेंटम) आहे, म्हणून प्रकाश ढकलतो. किती? १ वॅटचा लेझर आरशावर मारला तर १ मायक्रोग्रॅम वजनापेक्षाही कमी जोर मिळतो, यान वगैरे विसराच. पण पेशीसाठी तेवढा जोर खूप झाला. बेल लॅब्समधल्या आर्थर अॅशकिन यांनी १९७० मध्ये लेझरने पाण्यातले सूक्ष्म मणी ढकलून दाखवले आणि १९८६ मध्ये एकाच, खूप एकवटलेल्या लेझर झोताने मणी पकडून ठेवला. पारदर्शक मण्यातून जाताना प्रकाश वळतो, वळला म्हणजे त्याचा संवेग बदलला, आणि त्याची परतफेड म्हणून मणी जिथे प्रकाश सगळ्यात जास्त एकवटलाय तिकडे ओढला जातो, अगदी झोताच्या उलट दिशेलासुद्धा! पुढच्याच वर्षी त्यांनी जिवंत बॅक्टेरिया आणि विषाणू पकडले, इन्फ्रारेड लेझर वापरल्यामुळे बॅक्टेरिया जिवंतच राहिले. आज या ऑप्टिकल चिमट्याने पेशीतलं कायनेसिन हे प्रथिन ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकत चालतं ते मोजता येतं. अॅशकिन यांना २०१८ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

अदृश्य होणं

इथे अजून बरंच अंतर बाकी आहे. रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६० च्या दशकात उलट अपवर्तन करणारा, म्हणजे प्रकाशाला नेहमीच्या उलट बाजूला वळवणारा पदार्थ कसा वागेल ते मांडलं, निसर्गात तसा पदार्थ कुणाला सापडला नव्हता. नंतर जॉन पेंड्री यांनी दाखवलं की पदार्थ बदलायची गरज नाही, तरंगलांबीपेक्षा लहान नक्षी कोरली तरी लाटेला नवा पदार्थ भेटल्यासारखं वाटतं, यालाच मेटामटेरियल म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अशा नक्षीच्या कड्यांनी तांब्याचं एक नळकांडं मायक्रोवेव्हपासून बऱ्यापैकी लपवलं गेलं, फक्त एका प्रतलात आणि एकाच वारंवारतेला. मायक्रोवेव्हची तरंगलांबी काही सेंटीमीटर असते म्हणून नक्षी मिलीमीटरची चालली, डोळ्याला दिसणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, तिथे नक्षी त्याहून बारीक लागते, धातू प्रकाश शोषतो आणि सगळे रंग एकदम वळवणं जमत नाही. पण याच विद्येतून सपाट भिंगं निघाली, २०१६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनो खांबांनी दृश्य प्रकाश एकवटून दाखवला गेला.

सूक्ष्म यंत्रं

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ च्या भाषणात अणू एकेक करून मांडायची कल्पना सांगितली आणि १/६४ इंचाच्या ठोकळ्यात मावेल अशा मोटारीला १००० डॉलरचं बक्षीस लावलं. वर्षभरात विल्यम मॅकलेलन या इंजिनिअरने ती हाताने, साध्या अवजारांनी बनवली, त्यामुळे बक्षीस गेलं पण फाइनमनना हवं असलेलं नवं तंत्र काही मिळालं नाही. ते १९८१ मध्ये आयबीएमच्या झ्युरिक लॅबमध्ये आलं, गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांचा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, पृष्ठभागावर अतिशय टोकदार सुई फिरवून एकेक अणू दाखवणारा. सुई आणि पृष्ठभाग यांच्यातल्या फटीतून इलेक्ट्रॉन क्वांटम नियमाने पलीकडे जातात आणि फट अणूच्या अंशाने बदलली तरी करंट कैक पटीने बदलतो. १९८९ मध्ये डॉन आयग्लर यांनी त्याच सुईने झेनॉनचे ३५ अणू सरकवून आयबीएम हे कंपनीचं नाव लिहिलं.

रेणूंची यंत्रं रसायनशास्त्रातून आली. बेन फेरिंगा यांनी १९९९ मध्ये प्रकाशावर एकाच दिशेने फिरणारी मोटार केली, २०११ मध्ये तशाच चार मोटारींची रेणूगाडी तांब्यावर १० विद्युत धक्क्यांत ६ नॅनोमीटर चालली, तीही अतिथंड निर्वातात. २०१६ चं नोबेल त्यांना, जाँ-पिएर सोव्हाज आणि फ्रेझर स्टोडार्ट यांना मिळालं. रक्तातली पाणबुडी मात्र वेगळ्याच रूपात आली, २०२० पासूनच्या एमआरएनए लसींमधले साधारण १०० नॅनोमीटरचे चरबीचे गोळे, त्यांना ना इंजिन ना सुकाणू, पेशी त्यांना गिळते आणि आतल्या आम्लात त्यांच्यावर विद्युतभार येऊन आतला माल, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा एमआरएनए रेणू, बाहेर पडतो.

स्वतःसारखी यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांवरून अशा यंत्रांची कल्पना मांडणारे एरिक ड्रेक्सलर आणि रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांच्यात मोठा वाद झाला. स्मॉली यांचं म्हणणं, अणू उचलायला जी बोटं लागतील ती स्वतः अणूंचीच, म्हणजे जाड आणि चिकट, उचललेला अणू सुटणारच नाही. ड्रेक्सलर यांनी उत्तरात पेशीतल्या एन्झाइम आणि रायबोसोमकडे बोट दाखवलं, रायबोसोम हे प्रथिनं बनवणारं २०-२५ नॅनोमीटरचं यंत्र दर सेकंदाला डझनभर अमिनो आम्लं जोडत असतं, पण ते पाण्यात, रेणूंच्या धक्क्यांवर स्वार होऊनच चालतं.